ब्रिस्बेनची उपनगरे व परिसर : नदी, टेकडी आणि उपसागर यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

ऑस्ट्रेलियातील शहरांचा उल्लेख होताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम सिडनी व मेलबर्न ही नावे येतात. ब्रिस्बेनचे नाव त्याच्या परिचयाचे आहे ते बहुधा क्रिकेटमुळे. १९ जानेवारी २०२१ रोजी अजिंक्य रहाणे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघाने येथील गॅबा मैदानावर मिळवलेला विजय सर्वांच्या स्मरणात आहे. १९८८ पासून या मैदानावर ऑस्ट्रेलियाने एकही कसोटी सामना गमावला नव्हता. मात्र ‘गॅबा’ हे वुलनगाबा या उपनगराच्या नावाचे लघुरूप आहे आणि हे नाव तेथील मूळ निवासींच्या भाषेतून आले आहे, याकडे फारसे लक्ष जात नाही. एका मैदानाच्या नावामागे एक उपनगर, उपनगरामागे एक भाषा आणि भाषेमागे एक विस्थापित समाज असा क्रम या शहरात पदोपदी आढळतो.

ब्रिस्बेन ही क्वीन्सलंड राज्याची राजधानी असून ती सुमारे २७.५ अंश दक्षिण अक्षांशावर वसलेली आहे. येथील हवामान आर्द्र उपोष्ण प्रकारचे आहे. डिसेंबर ते मार्च हा उन्हाळा व तोच प्रामुख्याने पावसाचा काळ. जून ते ऑगस्ट हा कोरडा, स्वच्छ उन्हाचा सौम्य हिवाळा. २०२१ च्या जनगणनेनुसार ब्रिस्बेन महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक, तर बृहद् ब्रिस्बेन क्षेत्राची सुमारे २५ लाख होती. यांपैकी अत्यल्प लोक शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागात राहतात. उर्वरित सर्व वस्ती उपनगरांत विखुरलेली आहे. म्हणूनच ब्रिस्बेन समजून घेणे म्हणजे मूलतः त्याची उपनगरे समजून घेणे होय.

प्रस्तुत लेखात पुढील तीन मुद्द्यांचा विचार केला आहे : (१) ब्रिस्बेनच्या उपनगरांची घडण कोणत्या नैसर्गिक व मानवी कारणांनी झाली, (२) शहराभोवतीच्या डोंगर, उपसागर व शेजारच्या शहरांशी या उपनगरांचे नाते काय आहे, (३) वारंवार येणारे पूर आणि घरांची वाढती गरज यांच्या कात्रीत सापडलेल्या या उपनगरांपुढे आज कोणता प्रश्न उभा आहे.

‘उपनगर’ या संज्ञेचा अर्थ

विवेचनाच्या आरंभी ‘उपनगर’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. मराठीत हा शब्द मुख्य शहराबाहेर नंतर वाढलेल्या वस्तीसाठी वापरला जातो. ‘मुंबई उपनगर’ या जिल्ह्याच्या नावात हाच अर्थ आहे. ऑस्ट्रेलियात मात्र ती अधिकृत सीमा निश्चित केलेली, टपालाच्या पत्त्यात लिहिली जाणारी नागरी विभागणीची एक एकक-संज्ञा आहे. शहराच्या केंद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेला भागही उपनगरच असतो आणि पंचवीस किलोमीटरवरील समुद्रकाठची वस्तीही उपनगरच असते. उपनगराला स्वतःची स्वतंत्र नगरपालिका असेलच असे नाही.

याबाबतीत ब्रिस्बेनचे वेगळेपण विशेष आहे. सिडनी व मेलबर्न ही महानगरे अनेक लहान-लहान स्थानिक संस्थांत विभागलेली आहेत. ब्रिस्बेनमध्ये मात्र १९२४ च्या कायद्यानुसार सुमारे वीस स्थानिक संस्थांचे एकत्रीकरण होऊन १ ऑक्टोबर १९२५ पासून एकच बृहद् महानगरपालिका अस्तित्वात आली. विल्यम जॉली हे तिचे पहिले महापौर होत. सुमारे १,३४० चौरस किलोमीटरचे क्षेत्र, त्यात नदीकाठ, डोंगरउतार, शेती, खारफुटी व समुद्रकिनारा हे सारे एकाच संस्थेच्या अखत्यारीत आले. लोकसंख्येच्या दृष्टीने ती आजही ऑस्ट्रेलियातील सर्वांत मोठी स्थानिक स्वराज्य संस्था आहे. पाणी, सांडपाणी, रस्ते व वाहतूक यांचा एकत्र विचार करण्याची संधी यामुळे मिळाली. त्याचबरोबर एका निर्णयाची चूक संपूर्ण शहराला भोवण्याची शक्यताही निर्माण झाली.

वसाहतीपूर्व व वसाहतकालीन पार्श्वभूमी

या भूभागावर तुर्रबल व जगेरा (युगेरा) या समाजांची वस्ती युरोपीय लोकांच्या आगमनापूर्वी हजारो वर्षे होती. आज मध्यवर्ती शहर ज्या नदीवळणात वसले आहे त्या जागेस ‘मियांजिन’ असे नाव होते आणि अलीकडील काळात ते पुन्हा मोठ्या प्रमाणावर वापरात येत आहे. टूवाँग, टारिंगा, यिरोंगा, इंडूरूपिली, एनॉगरा ही उपनगरांची नावे मूळ भाषांतील शब्दांवरून आलेली आहेत. शहराच्या पश्चिमेस असलेल्या माउंट कूट-था या टेकडीचे नाव रानमधाच्या स्थानिक शब्दावरून पडले आहे. नावे राहिली, परंतु ती ठेवणारा समाज त्या जागी राहू शकला नाही, ही बाब नगररचनेच्या अभ्यासात दुर्लक्षित करता येणार नाही.

१८२३ मध्ये सर्वेक्षक जॉन ऑक्सली यांनी या नदीचा शोध लावला असे सांगितले जाते. वस्तुतः वादळात भरकटून मोरेटन उपसागराच्या किनाऱ्यास लागलेल्या आणि मूळ निवासींच्या आश्रयाने जगलेल्या काही लाकूडतोड्यांकडून त्यांना या नदीची माहिती मिळाली होती. सप्टेंबर १८२४ मध्ये उपसागरकाठी रेडक्लिफ येथे कैद्यांची वसाहत स्थापन झाली व १८२५ मध्ये ती नदीकाठी, आजच्या मध्यवर्ती जागी हलवण्यात आली. न्यू साउथ वेल्सचे तत्कालीन गव्हर्नर सर थॉमस ब्रिस्बेन यांच्यावरून नदीस व पुढे शहरास नाव मिळाले. १८४२ मध्ये ही वसाहत मुक्त रहिवाशांसाठी खुली झाली आणि १८५९ मध्ये क्वीन्सलंड स्वतंत्र वसाहत म्हणून विभक्त होऊन ब्रिस्बेन तिची राजधानी बनली.

या इतिहासाची एक खूण आजही नकाशावर आहे. वेस्ट एंड आणि स्प्रिंग हिल या दोन्ही उपनगरांत ‘बाउंडरी स्ट्रीट’ नावाचे रस्ते आहेत. वसाहतकाळात ठरावीक वेळेनंतर मूळ निवासींना शहराच्या हद्दीत राहण्यास मज्जाव होता व ती हद्द या रस्त्यांनी दर्शवली जाई. आज वेस्ट एंडचा हा रस्ता खानावळी, पुस्तकांची दुकाने व विविध देशांतील स्थलांतरितांच्या वर्दळीसाठी प्रसिद्ध आहे. जवळच असलेले मस्ग्रेव्ह उद्यान हे मूळ निवासींच्या सामाजिक व राजकीय चळवळीचे महत्त्वाचे स्थान ठरले. बहिष्काराची सीमा आणि संमेलनाची जागा यांचे हे सान्निध्य बोलके आहे.

टेकडी, सखल भाग व घराची रचना

ब्रिस्बेनचा भूप्रदेश सपाट नाही. नदी अनेक वळणे घेत समुद्राकडे जाते आणि दोन्ही बाजूंस लहान टेकड्या व घळी आहेत. एकोणिसाव्या शतकात रस्ते प्रामुख्याने टेकड्यांच्या माथ्यावरून गेले. पॅडिंग्टन या उपनगरात याचे उत्तम उदाहरण दिसते. तेथे दुकाने माथ्यावरील रस्त्याला लागून आहेत आणि त्यांच्या मागे घरे उतारावर पायरीपायरीने खाली गेली आहेत. वारा, दृश्य व पुरापासून सुरक्षितता ही उंचावरील जागेची तिन्ही सुखे ज्यांना परवडत होती त्यांनी हॅमिल्टन, ॲस्कॉट यांसारख्या ठिकाणी मोठी घरे बांधली. गिरण्या, गोदी व कारखाने यांच्या आसपासच्या सखल जागा श्रमिकांच्या वाट्याला आल्या. समुद्रसपाटीपासूनची उंची आणि सामाजिक स्थान यांचा हा संबंध ब्रिस्बेनच्या उपनगरांचा पहिला नियम म्हणता येईल.

दुसरा नियम कायद्याने घालून दिला. १८८५ मध्ये क्वीन्सलंडच्या विधिमंडळाने जमिनीचे अतिविभाजन रोखणारा कायदा संमत केला. त्यानुसार निवासी भूखंडाचे किमान क्षेत्रफळ १६ पर्च, म्हणजे सुमारे ४०५ चौरस मीटर, असे निश्चित झाले. इंग्लंडमधील औद्योगिक शहरांत भिंतीस भिंत लावून उभ्या राहिलेल्या कोंदट चाळींची पुनरावृत्ती येथे होऊ नये, हा त्यामागील आरोग्यविषयक हेतू होता. परिणामी सिडनीच्या अंतर्भागात दिसणाऱ्या जोडघरांच्या रांगा ब्रिस्बेनमध्ये जवळजवळ निर्माणच झाल्या नाहीत. प्रत्येक घर स्वतंत्र, चोहोबाजूंनी मोकळे आणि मागे अंगण असलेले, असा प्रघात पडला. सामान्य कामगारालाही अंगण मिळाले, हे या कायद्याचे यश होय. तथापि शहर विरळ पसरत गेले, ही त्याची दुसरी बाजू. १९०९ च्या कामगार-निवास कायद्याने मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांना सरकारी कर्जातून घर बांधणे शक्य केले आणि हा प्रघात अधिक दृढ झाला.

या भूखंडांवर जे घर उभे राहिले त्यास ‘क्वीन्सलंडर’ असे म्हणतात. लाकडी खांबांवर उचललेली जमीन, फळ्यांच्या भिंती, पन्हळी पत्र्याचे उतरते छप्पर आणि समोर किंवा सभोवती पडवी ही त्याची प्रमुख वैशिष्ट्ये. खांबांमुळे उताराची जागा सपाट करण्याचा खर्च वाचे, घराखालून वारा खेळे आणि वाळवीचा उपद्रव वेळीच लक्षात येई. सखल भागात लहानसहान पुराचे पाणी घराखालून निघून जाई. घराखालची मोकळी जागा कपडे वाळत घालण्यास, मुलांना खेळण्यास व अवजारे ठेवण्यास उपयोगी पडे. ब्रिस्बेनमध्येच वाढलेले साहित्यिक डेव्हिड मालूफ यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘१२ एडमन्डस्टन स्ट्रीट’ या पुस्तकात आपल्या बालपणीच्या अशाच घराचे चित्रण केले आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही रचना मागे पडली. जमिनीलगतच्या काँक्रीटच्या जोत्यावर विटांची घरे बांधली जाऊ लागली. जुन्या घरांत खालची मोकळी जागा भिंती घालून बंद करण्यात आली व तेथे खोल्या झाल्या. पाण्याला जाण्यासाठी ठेवलेली वाट माणसाने आपल्या उपयोगासाठी घेतली. त्याचे परिणाम पुढील पुरांत दिसून आले. आज महानगरपालिका १९४६ व त्यापूर्वी बांधलेल्या घरांचे पारंपरिक रूप जपण्यासाठी नियम लागू करते. ही संरक्षक दृष्टी केवळ सौंदर्याची आहे की उपयुक्ततेची, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

ट्राम ते मोटार : विस्ताराचे टप्पे

उपनगरांचा विस्तार वाहतुकीच्या साधनांमागून झाला. क्वीन्सलंडमधील पहिला लोहमार्ग ३१ जुलै १८६५ रोजी इप्सविच येथून सुरू झाला. त्यासाठी १,०६७ मिलिमीटर रुंदीचा अरुंद मार्ग निवडला गेला. पुढे ब्रिस्बेनभोवती लोहमार्गांचे जाळे पसरले. १८८२ मध्ये सँडगेट व १८८९ मध्ये क्लीव्हलंड ही उपसागरकाठची गावे त्यास जोडली गेली. १८८५ मध्ये घोड्यांची व १८९७ मध्ये विजेवरील ट्राम आली. ट्रामच्या मार्गालगत दुकाने आणि चालत जाता येईल एवढ्या अंतरात घरे, अशी अंतर्गत उपनगरांची घडी बसली.

सप्टेंबर १९६२ मध्ये पॅडिंग्टन येथील ट्राम आगाराला लागलेल्या आगीत ६५ ट्रामगाड्या भस्मसात झाल्या. यानंतर मार्ग क्रमाक्रमाने बंद होत गेले आणि १३ एप्रिल १९६९ रोजी शहरातील शेवटची ट्राम धावली. १९६१ ते १९७५ या काळात महापौर असलेल्या क्लेम जोन्स यांच्या कारकिर्दीत उपनगरांत सांडपाणी-वाहिन्या व पक्के रस्ते पोहोचले, हे त्यांचे मोठे कार्य. ट्राम बंद करण्याचा निर्णयही याच कारकिर्दीतला. दरम्यान मोटारीला अनुकूल अशा नव्या उपनगरी जीवनाचा आरंभ झालेला होता. मे १९५७ मध्ये उत्तरेकडील चर्मसाइड येथे मोटारीने येणाऱ्या ग्राहकांसाठी वाहनतळासह उभारलेले बाजारसंकुल सुरू झाले. ऑस्ट्रेलियातील अशा प्रकारचे ते पहिले संकुल मानले जाते. पूर्वीचे उपनगर थांब्याभोवती वाढत होते, तर नंतरचे वाहनतळाभोवती.

अलीकडच्या काळात हे चक्र काही प्रमाणात उलट फिरवण्याचे प्रयत्न झाले. १९९६ मध्ये नदीतून प्रवासी वाहून नेणाऱ्या ‘सिटीकॅट’ बोटी सुरू झाल्या. २००० पासून बसगाड्यांसाठी स्वतंत्र मार्ग बांधले गेले. २००६ मध्ये सेंट ल्युसिया येथील क्वीन्सलंड विद्यापीठास नदीपलीकडील उपनगराशी जोडणारा, केवळ बस, सायकल व पादचाऱ्यांसाठी असलेला पूल खुला झाला. ऑगस्ट २०२४ पासून राज्यातील सार्वजनिक वाहतुकीचे भाडे प्रति प्रवास ५० सेंट इतके खाली आणण्यात आले व २०२५ मध्ये ते कायम करण्यात आले. दूरच्या उपनगरात राहणाऱ्या व अंतरानुसार अधिक भाडे मोजणाऱ्या प्रवाशाला याचा सर्वाधिक लाभ झाला, हे सहज लक्षात येईल.

स्थलांतरितांची उपनगरे

महायुद्धोत्तर काळात घरांची तीव्र टंचाई होती. शहराच्या नैर्ऋत्येस असलेले इनाला हे उपनगर त्या काळी सरकारी गृहनिर्माणातून आकारास आले. नजीकच्या वेकॉल येथे स्थलांतरितांसाठी निवारा-केंद्र होते. १९७५ नंतर व्हिएतनाममधून आलेल्या निर्वासितांपैकी अनेकांनी तेथून बाहेर पडल्यावर जवळच्याच इनाला व डारा या भागांत घरे घेतली, कारण ती परवडणारी होती. आज इनालाच्या बाजारात व्हिएतनामी भाज्या, मासळी व पावांची दुकाने आहेत. दक्षिणेकडील सनीबँक हे तैवान, हाँगकाँग व चीनमधून आलेल्या कुटुंबांमुळे ओळखले जाते. शहराच्या दक्षिण सीमेस लागून असलेल्या लोगन शहरात दोनशेहून अधिक सांस्कृतिक पार्श्वभूमींचे लोक राहतात.

यात एक विरोधाभास आहे. फॉर्टिट्यूड व्हॅली या अंतर्गत उपनगराचे नाव १८४९ मध्ये स्थलांतरितांना घेऊन आलेल्या ‘फॉर्टिट्यूड’ या जहाजावरून पडले आहे. १९८७ मध्ये तेथे ‘चायनाटाउन’ म्हणून एक रस्ता सजवण्यात आला. परंतु प्रत्यक्ष आशियाई लोकजीवन वाढले ते तेथून दूर, मोटारीच्या उपनगरांत. नियोजनाने ठरवलेली जागा आणि लोकांनी निवडलेली जागा यांतील हे अंतर समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावे असे आहे.

परिसर : डोंगर, उपसागर व शेजारची शहरे

उपनगरांची सीमा ओलांडल्यावर पश्चिमेस दागिलार डोंगररांग लागते. माउंट नेबो, माउंट ग्लोरियस ही तेथील स्थळे दाट वर्षावनासाठी प्रसिद्ध आहेत. या डोंगरांतील वन टिकले त्यास एक व्यावहारिक कारण आहे. १८६६ मध्ये एनॉगरा येथे बांधलेल्या धरणातून शहरास नळाने पाणी मिळू लागले आणि पाणलोट क्षेत्र राखणे क्रमप्राप्त झाले. पाण्यासाठी राखलेले रान पुढे पर्यटनाचे व जैवविविधतेचे ठेवे ठरले. उत्तरेकडील ग्लास हाउस पर्वत हे प्राचीन ज्वालामुखींचे उघडे पडलेले गाभे असून त्यांना हे नाव १७७० मध्ये जेम्स कुक यांनी दिले. दक्षिणेस टँबोरीन पठारावर १९०८ मध्ये क्वीन्सलंडमधील पहिले राष्ट्रीय उद्यान घोषित झाले, तर १९१५ मध्ये लॅमिंग्टन राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. लॅमिंग्टनची वर्षावने आज जागतिक वारशाचा भाग आहेत.

पूर्वेस मोरेटन उपसागर आहे. मलगंपिन (मोरेटन) व मिंजेरिबा (नॉर्थ स्ट्रॅडब्रोक) या वाळूच्या मोठ्या बेटांनी खुल्या महासागराच्या लाटा अडवल्यामुळे आतील पाणी शांत व उथळ आहे. त्यामुळे सँडगेट, विनम, मॅन्ली या उपनगरांचा किनारा उंच लाटांचा नसून चिखल, खारफुटी व लांब धक्क्यांचा आहे. समुद्री गवतावर चरणारे ड्युगाँग, कासवे आणि उत्तर गोलार्धातून हजारो किलोमीटर उडत येणारे पाणपक्षी यांचा येथे आढळ आहे. १९९३ मध्ये या उपसागराचा रामसर यादीत समावेश झाला. मिंजेरिबा ही कवयित्री व कार्यकर्त्या उजेरू नूनकल यांची जन्मभूमी होय. २०११ मध्ये क्वांडामूका समाजाचा या बेटावरील पारंपरिक भूमिहक्क न्यायालयाने मान्य केला आणि दीर्घकाळ चाललेले वाळूचे खाणकाम २०१९ मध्ये थांबले. समोरच्या क्लीव्हलंड येथे पाणथळ जागेवर घरे व बोटींसाठी गोदी बांधण्याचा टुंडा बंदराचा प्रस्ताव अनेक वर्षांच्या विरोधानंतर २०२४ मध्ये मागे घेण्यात आला. पाणी आणि घर यांच्यातील संघर्षात पाण्याची बाजू राखली गेल्याचे हे एक दुर्मिळ उदाहरण.

नैर्ऋत्येस सुमारे ४० किलोमीटरवर कोळसा व रेल्वे कारखान्यांनी वाढलेले इप्सविच आहे. ब्रिस्बेन व इप्सविच यांच्या दरम्यान १९९० च्या दशकापासून स्प्रिंगफील्ड हे संपूर्ण नियोजित नगर उभे राहिले. तेथे घरे आधी आली आणि लोहमार्ग डिसेंबर २०१३ मध्ये पोहोचला. उत्तरेकडील रेडक्लिफ या आद्य वसाहतीच्या द्वीपकल्पास तर ऑक्टोबर २०१६ पर्यंत रेल्वेची प्रतीक्षा करावी लागली. या विस्ताराची किंमत वन्यजीवांनी मोजली आहे. उपनगरे निलगिरीच्या रानात घुसत गेली तसा कोआलांचा अधिवास तुटला. फेब्रुवारी २०२२ मध्ये क्वीन्सलंड व न्यू साउथ वेल्ससह पूर्वेकडील भागातील कोआला संकटग्रस्त म्हणून घोषित करण्यात आला.

पूर : उपनगरांची कसोटी

ब्रिस्बेन नदीची लांबी सुमारे ३४४ किलोमीटर असून तिचे पाणलोट क्षेत्र सुमारे १३,५०० चौरस किलोमीटर आहे. फेब्रुवारी १८९३ मध्ये एकाच महिन्यात लागोपाठ आलेल्या पुरांनी व्हिक्टोरिया पूल व इंडूरूपिलीचा रेल्वे पूल वाहून नेला. ‘पलूमा’ नावाची एक युद्धनौका पुराने थेट वनस्पती उद्यानात आणून टाकली आणि नंतरच्या पुराने ती पुन्हा नदीत नेली. जानेवारी १९७४ मध्ये वांडा चक्रीवादळानंतरच्या पावसाने शहरातील मापकावर पाणी ५.४५ मीटरपर्यंत चढले. १३ जानेवारी २०११ रोजी ते ४.४६ मीटर आणि २८ फेब्रुवारी २०२२ रोजी ३.८५ मीटर होते.

१९७४ पूर्वीच आखलेले वायव्हनहो धरण १९८० च्या दशकाच्या मध्यास पूर्ण झाले आणि आता शहर पुरापासून मुक्त झाले, असा समज जनमानसात रुजला. हा समज दोन कारणांनी अपुरा होता. पहिले कारण असे की, हे धरण नदीच्या पाणलोट क्षेत्राच्या केवळ निम्म्या भागाचे पाणी अडवते. लॉकियर ओढा व ब्रेमर नदी धरणाच्या खाली येऊन मिळतात. दुसरे कारण धरणाच्या दुहेरी उद्देशात आहे. पाणीपुरवठ्यासाठी ते भरलेले हवे आणि पूरनियंत्रणासाठी रिकामे. २००७ मध्ये दीर्घ अवर्षणामुळे प्रदेशातील धरणांतील साठा १७ टक्क्यांच्याही खाली गेला होता व नागरिकांना दरडोई रोज १४० लिटरची मर्यादा पाळण्याचे आवाहन करण्यात आले होते. त्यानंतर चारच वर्षांत तेच धरण ओसंडण्याच्या बेतात आले. पाणी केव्हा व किती सोडावे यावरील वाद पुढे अनेक वर्षे न्यायालयात चालला.

याशिवाय पूर नेहमी नदीच्या काठावरूनच येतो असे नाही. २०११ मध्ये रोझली, मिल्टन यांसारख्या काही ठिकाणी नदीचे पाणी पावसाळी गटारांतून उलटे वर आले व काठापासून दूर असलेल्या रस्त्यांवर साचले. त्यानंतर महानगरपालिकेने अनेक गटारांच्या मुखाशी उलटा प्रवाह रोखणाऱ्या झडपा बसवल्या. २०२२ मध्ये पाऊस शहरावरच कोसळला. काही दिवसांत वर्षाच्या सरासरीच्या दोन-तृतीयांशाहून अधिक पाऊस पडला आणि लहान ओढ्यांनी अत्यंत अल्प अवधीत घरे वेढली. मार्च २०२५ मध्ये आल्फ्रेड चक्रीवादळ दुर्बळ होऊन ब्राईबी बेटाजवळ किनाऱ्यास आले, त्याही वेळी अतिवृष्टीमुळे सखल भाग जलमय झाले. नदीचा पूर धरणाने काही अंशी आवरता येतो, परंतु ओढ्याच्या पुरावर धरणाचा उपाय नाही.

प्रत्येक पुरात बाधित होणाऱ्या उपनगरांची नावे पाहिली असता रॉकली, ग्रेसव्हिल, चेल्मर, फेअरफील्ड, ऑक्सली ही नावे पुन्हापुन्हा आढळतात. यांतील काही सधन आहेत, तर काही कष्टकऱ्यांची. सधन उपनगरातील रहिवासी विम्याच्या, बचतीच्या आधारे घर पुन्हा उभारतो. रॉकलीसारख्या ठिकाणी भाडे कमी म्हणून राहायला आलेल्या कुटुंबास विम्याचा हप्ताही परवडत नाही. पुराचे पाणी सर्वांकडे सारख्याच उंचीचे येते, परंतु त्यातून सावरण्यास लागणारा काळ सर्वांना सारखा नसतो.

या पार्श्वभूमीवर २०२२ च्या पुरानंतर केंद्र व राज्य शासनांनी मिळून ७४१ दशलक्ष डॉलरची ‘रेझिलियंट होम्स’ योजना आखली. घर पाण्यास तोंड देऊ शकेल अशा रीतीने दुरुस्त करणे, घर उंच उचलणे किंवा शासनाने ते स्वेच्छेने विकत घेणे, असे तीन पर्याय तीत होते. विकत घेतलेल्या जागेवर पुन्हा निवास होऊ नये, अशी त्यामागील भूमिका आहे. इप्सविचमधील गुडना या उपनगरात अशी अनेक घरे पाडली गेली. उर्वरित रहिवाशांपुढे त्यामुळे नवा प्रश्न उभा राहिला. शेजार उठून गेल्यावर राहिलेल्या दोन-चार घरांच्या गल्लीस उपनगर म्हणायचे काय? घर उचलण्याचा पर्याय पाहिला असता असे दिसते की, शंभर वर्षांपूर्वीच्या सुताराने खांबांवर उभारलेल्या घराची शहाणीवच शासन आज नव्याने, अनुदान देऊन स्वीकारीत आहे.

वर्तमान पेच

जुलै २०२१ मध्ये ब्रिस्बेनला २०३२ च्या ऑलिंपिक स्पर्धांचे यजमानपद मिळाले. मार्च २०२५ मध्ये राज्य शासनाने व्हिक्टोरिया पार्क येथे नवे मुख्य मैदान बांधण्याची व स्पर्धांनंतर गॅबा मैदान पाडून तेथे निवासी विकास करण्याची योजना जाहीर केली. व्हिक्टोरिया पार्क म्हणजेच ‘बरांबिन’ हे मूळ निवासींचे जुने वस्तीस्थान असल्याने या निर्णयास विरोधही झाला आहे.

लोकसंख्या वाढत आहे आणि घरांच्या किमती व भाडी सामान्यांच्या आवाक्याबाहेर जात आहेत. २००५ मध्ये आग्नेय क्वीन्सलंडसाठी प्रादेशिक आराखडा करून नागरी विस्ताराची सीमा आखण्यात आली, तेव्हापासून शहर बाहेर पसरू देण्याऐवजी आत दाट करण्याचे धोरण आहे. परंतु आत मोकळी असणारी बरीचशी जागा पूररेषेतील आहे, उंचावरील जागांना पारंपरिक घरांचे संरक्षण आहे, आणि बाहेर कोआलाचे रान व पाणथळ भूमी आहे. घर नेमके कोठे बांधायचे, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचे कोणतेही उत्तर येथे विनामूल्य नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, ब्रिस्बेनची उपनगरे ही नदी, टेकडी व उपसागर या तीन नैसर्गिक घटकांवर १८८५ चा भूखंड-कायदा, १९२५ चे एकत्रीकरण व १९६९ मधील ट्रामचा शेवट या तीन निर्णयांचे संस्कार होऊन घडली आहेत. अंगणासह स्वतंत्र घर हे या शहराचे लोकशाही स्वप्न होते व बऱ्याच अंशी ते साकारही झाले. मात्र त्या स्वप्नाने व्यापलेली काही जमीन मुळात पाण्याची होती.

नागरी भूगोलाच्या अध्यापनात पूर हा बहुधा नैसर्गिक आपत्तीच्या प्रकरणात शिकवला जातो आणि गृहनिर्माण अर्थशास्त्राच्या. ब्रिस्बेनचे उदाहरण या दोन्ही विषयांना एकत्र वाचण्याची आवश्यकता दाखवून देते. कोणत्या उपनगरात कोण राहतो, हे तेथील जमिनीच्या उंचीने जितके ठरते तितकेच राहणाऱ्याच्या उत्पन्नानेही ठरते. पूररेषेतून उठणाऱ्या कुटुंबास शहराच्या आतच, परवडेल अशा भाड्यात, उंच जागा मिळते की नाही, यावर २०३२ च्या सोहळ्यानंतर मागे राहणाऱ्या ब्रिस्बेनचे मूल्यमापन व्हावयास हवे.